काळोखाचा कंडक्टर

इतर गावांत संध्याकाळी दिवेलागण होते. गवळीसड्यावर जेवणवेळेला दिवेमालवण व्हायची.

देवळाच्या कोपऱ्यावर जयवंत शेडगे येऊन उभा राहायचा, गळ्यातला रुमाल ठीक करायचा आणि डोक्यावरची बारीक दोरी दोनदा ओढायचा. टिंग टिंग! घंटी भंगारात निघालेल्या एसटीची होती. जयवंत उभ्या हयातीत कंडक्टर. पुढे बसगाड्या विजेवर आल्या, तिकिटं दरवाजातलं यंत्र द्यायला लागलं आणि कंडक्टर घरी बसले. बाकीच्यांनी डेपोतून निरोपाची शाल आणली, जयवंतनं घंटी मागून आणली.

घंटी वाजली की गावातले बाहेरचे दिवे एकेक करून जायचे. जे ठेवणं भागच होतं, त्यांच्यावर तेलाचे पत्र्याचे डबे कापून केलेले टोप होते, म्हणजे उजेड खाली पायापुरता पडावा, वर जाऊ नये. मग सड्यावर, त्या उघड्या कातळी पठारावर, असा काळोख दाटायचा की स्वतःचा हात शोधावा लागायचा.

ह्या काळोखापायी शहरातली माणसं यायची. आकाशाचे फोटो काढायचा ज्यांना नाद, अशी. दिवाळी झाली की अमावास्येच्या आसपास त्यांच्या गाड्या घाट चढून यायच्या. डिकीत दुर्बिणी, तिपाया, वायरींची भेंडोळी. गावात घरोघरी त्यांची उतरायची सोय. पिठलं-भाकरी खाऊन ही मंडळी सड्यावरच्या चौथऱ्यावर जायची आणि कॅमेरे लावून पहाटेपर्यंत बसायची.

त्यांना चहा नेऊन देणारी बाई म्हणजे जयवंतची बायको रंजना. एकदा पेठे नावाच्या दातांच्या डॉक्टरांच्या लॅपटॉपच्या पडद्यावर तिला गुलाबी धूर दिसला. "काय जळतंय?" तिनं विचारलं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "काही जळत नाही, रंजनाताई. तिथं तारे जन्माला येताहेत." त्या रात्री चहा निवला, पण रंजना जागची हलली नाही. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी आपली जुनी दुर्बीण आणि जुना कॅमेरा तिला देऊन टाकला आणि रंजना कायमची बिघडली. हे 'बिघडली' गावाचं म्हणणं. तिचं म्हणणं वेगळं होतं.

काम चिकाटीचं. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांमधल्या वायूचे आणि धुळीचे ढग. त्यांचा उजेड इतका मंद, की डोळ्याला तिथं काहीच नसतं. कॅमेऱ्याला मात्र तो थेंब थेंब साठवता येतो. पण एका फोटोत खऱ्या उजेडाबरोबर कॅमेऱ्याच्या आतला गोंधळही उमटतो, ठिपके ठिपके. म्हणून त्याच जागेचे पुष्कळ फोटो काढायचे आणि एकावर एक रचायचे. खरा उजेड दर वेळी त्याच जागी पडतो, गोंधळ जागा बदलतो. रचत गेलं की गोंधळ फिका होतो आणि ढग वर येतो. रंजनाला हे पटकन समजलं. ती म्हणायची, ताक घुसळताना लोणी असंच वर येतं.

गावात दिवे आधीपासूनच तुरळक होते, उरलेलेही मालवायचा काळोखाचा ठराव तिनंच ग्रामसभेत मांडला होता. त्याला आता बारा वर्षं झाली होती.

आणि गंमत अशी, की ज्यानं घंटी वाजवून काळोख करायचा, त्या जयवंतलाच रातांधळेपणा होता. दिवसा सगळं ठीक, कडेचं जरा कमी. दिवस मावळला की डोळ्यांवर पोतं टाकल्यासारखं. लहानपणी त्याला वाटायचं, रात्री सगळ्यांनाच असं दिसतं. लग्न गोरजमुहूर्तावर लागलं, विधी उरकेपर्यंत अंधार पडला. भटजी म्हणाले, "नवरीला अरुंधतीचा तारा दाखवा." जयवंतनं ऐटीत बोट वर केलं आणि म्हणाला, "ती बघ." रंजनानं पदर सावरून वर पाहिलं आणि म्हणाली, "दिसली." नंतर वरात निघताना नवरदेव थेट आचाऱ्याच्या चुलाणात गेला, तेव्हा सगळा उलगडा झाला. पुढे कितीतरी वर्षांनी, आकाश शिकल्यावर, रंजनाच्या ध्यानात आलं की अरुंधती असते उत्तरेला, सप्तर्षींत, आणि नवऱ्यानं बोट केलं होतं दक्षिणेला. ही गोष्ट ती सगळ्यांना सांगायची. जयवंत म्हणायचा, "आणि तुला दिसली कशी, ते सांग की!"

काळोखाचा ठराव झाल्यावर जयवंतनं देवळापासून चौथऱ्यापर्यंत खांब रोवले आणि दोन दोऱ्या बांधल्या. जाड दोरी हाताला धरायला. तिच्यावर, एसटीत असते तशी, बारीक दोरी घंटीची. दोन घंट्या म्हणजे चला, एक घंटी म्हणजे थांबा. रात्री पाहुणे जाड दोरी धरून रांगेत उभे राहायचे आणि पुढून कंडक्टरचा आवाज यायचा, "चला, पुढं सरका! दरवाजात उभं राहू नका! उजवीकडं दगड हाय, त्याचं तिकीट काढू नका!"

पण गेल्या दिवाळीपासून दोरी रिकामी होती. पाहुणे आले नाहीत. अख्ख्या हिवाळ्यात एक गाडी आली, तीही रस्ता चुकलेली.

कारण दुपारचा कॅमेरा निघाला होता.

*

तो कॅमेरा घरात आला चैत्राच्या भर उन्हात. घेऊन आली मयूरी, त्यांची लेक. पुण्यात ज्या प्रयोगशाळेत तो तयार झाला, तिथंच ती नोकरीला होती. तिनं मिठाईच्या खोक्याएवढी पेटी अंगणात ठेवली, आईच्या दुर्बिणीला जोडली आणि दुर्बिणीवर छत्री धरून बसली.

"अगं, ऊन लागतंय तुला," रंजना म्हणाली.

"मला लागू दे. त्याला नको." मयूरीनं पेटीवर हात ठेवला. "आतली चकती बर्फापेक्षा थंड ठेवावी लागते. आणि सूर्याकडे तोंड करायचं नाही, एवढंच पथ्य. बाबा, खुर्ची घेऊन या. तुम्हालापण बघायचंय."

"मला काय दाखवतेस? तुझ्या आईचे फोटो भिंतीवर हायतच की. फोटो काय, कॅलेंडरवर देवपण असतो."

जयवंत खुर्ची घेऊन आला तो खरा, पण शेंगा फोडायला.

मयूरीनं दोघांना नीट समजावून सांगितलं. दिवसा तारे कुठे जात नाहीत. निळं आकाश म्हणजे हवेनं उधळलेलं ऊन, त्याच्याआड ते झाकले जातात. पण हवा सगळे रंग सारखे उधळत नाही. निळा फार, तांबडा कमी, आणि तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश तर अगदी थोडा. तेजोमेघातला हायड्रोजन त्या अवरक्तातही आपल्या ठरलेल्या रेषांमध्ये चमकतो. हा कॅमेरा तेवढ्याच रेषा आत घेतो, बाकीच्या उन्हाला दारातूनच परत पाठवतो. तरीही जे ऊन घुसतं, त्याच्या कंपनाला एक ठरावीक दिशा असते, त्यावरून ते ओळखू येतं. चकती प्रकाशाचा कण न कण मोजते, आणि सेकंदाला हजारो वेळा पुसून कोरी होते, म्हणजे उजेडानं भरून वाहायला नको. मग मोजलेल्यातून ऊन वजा करायचं.

"लग्नात बँड वाजतोय," मयूरी म्हणाली, "आणि मांडवाच्या कोपऱ्यात आजी ओवी पुटपुटतेय. बँडचा सूर न सूर आपल्याला आधीच माहीत असला, तर तेवढा वजा करायचा. उरली ती आजी."

"म्हणजे बँडवाल्याला गप बसवला," जयवंत म्हणाला.

"नाही बाबा, तो वाजतोच आहे. आपण ऐकायचं नाही."

"हां, मग जमतंय. आम्ही एसटीत तेच करायचो. इंजिन ओरडायचं, आम्हाला चिल्लरच ऐकू यायची."

लॅपटॉपच्या पडद्यावर आधी नुसता करडा रवा होता. मग रव्यात काहीतरी गोळा व्हायला लागलं. जयवंतच्या हातातली शेंग तशीच राहिली. करड्यातून एक उजळ पोट आलं, त्याच्या दोन बाजूंना काहीतरी पसरत गेलं.

"ही तर कोंबडी," तो हळूच म्हणाला. "अंड्यावर बसलीय. पंख बघ कसे टाकलेत."

"मृगातला तेजोमेघ," रंजना म्हणाली. हा ढग तिनं कितीदा टिपला होता, पण असा, अंगणात भर ऊन असताना, कधीच नाही.

जयवंतनं पडद्याकडे पाहिलं. मग दुर्बिणीचं तोंड जिकडे होतं तिकडे, लख्ख निळ्या आकाशात पाहिलं. परत पडद्याकडे. "आत्ता? आत्ता ह्या घडीला ते तिथं हाय?"

"तिथंच आहे. उजेड मात्र तेराशे वर्षांपूर्वी निघालेला."

"तेराशे वर्षं!" कंडक्टरनं कपाळाला हात लावला. "आणि विनाथांबा?"

"विनाथांबा."

त्या दुपारी जयवंत जागचा उठला नाही. मयूरीनं दुर्बीण जराशी सरकवली, तसा मधोमध भोक असलेला एक गोल ढग वर आला. जयवंत ओरडलाच, "अनारसा! जाळी बघ कशी पडलीय! तुझ्या आईचा जन्मात असा झाला नाही."

"गुळाचा दोष होता तो," रंजना म्हणाली.

"दर दिवाळीला गुळाचाच दोष!"

रंजना हसली. बारा वर्षं ती रात्री बाहेर आणि हे घरात. सकाळी ती सांगायची, आज इतके फोटो मिळाले, आज दव पडलं. हे म्हणायचे, बरं. आज पहिल्यांदा दोघं एका ढगाकडे एका वेळी बघत होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. सरपंच सर्जेराव. हातात आंब्यांची पिशवी. त्यांनीही अनारसा पाहिला, तोंडभर वाखाणला आणि खुर्ची ओढून घेतली.

"वहिनी, आता हे दुपारी दिसतंय म्हटल्यावर... रागवू नका, पण बोलतो. आमदारसाहेबांनी आपल्याला हायमास्ट मंजूर केलाय. देवळापुढं. उंच खांब, वर चक्रावानी दिवे. आजवर मी तुमच्या शब्दाखातर नको म्हणत आलो. पण पाहुणे येईनात, फोटो दुपारी निघायला लागले. मग हा काळोख आपण कुणासाठी सांभाळायचा?"

सर्जेराव काही वाईट बोलत नव्हते.

"एक मेच्या ग्रामसभेत विषय घेतो," ते उठत म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात तर गाव नको म्हणेल. तेवढा मान आहे तुमचा. विचार करा."

*

त्या रात्री जेवणवेळेला जयवंत घंटी वाजवायला गेला, तेव्हा रंजना फाटकात उभी राहून बघत होती. पाहुणे असोत नसोत, घंटी चुकायची नाही. टिंग टिंग. दिवे गेले. मग नवरा परत येताना तिला दिसला, म्हणजे काळोखात काळोख हलताना दिसला. एक हात दोरीवर, पाय घासत. वळणावर तो थांबला, खांब चाचपला, पुढे निघाला.

"आई," मयूरी मागून म्हणाली, "बाबांच्या नडगीवर वण बघितलेस? नवे-जुने किती आहेत?"

"बघितलेत."

"तुझ्या फोटोंसाठी काळोख लागत होता तोवर मी काही बोलले नाही. आता लागत नाही. मग त्यांना उजेडात चालू दे ना."

लेकीनं तिच्या मनातलंच बोलून दाखवलं होतं. ज्या माणसाला रात्री दिसत नाही, त्याच्या गावातले उरलेसुरले दिवेही तिनं घालवले, आणि त्यानं हूं की चूं केलं नाही. उलट स्वतःच दोरी बांधली, स्वतःच घंटी वाजवली. आता देवळापुढे लख्ख दिवा लागला, तर हा माणूस जेवल्यावर पारावर जाऊन बसेल, चार लोकांत पान खाईल. तिनं ठरवलं. नवऱ्याला मात्र सांगितलं नाही. त्याला भर सभेत आनंदाचा धक्का द्यायचा तिचा बेत होता.

धक्का बसला, पण आनंदाचा नाही.

*

एक मेला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पडवीत ग्रामसभा बसली. सर्जेरावांनी हायमास्टचा विषय काढला. सगळ्यांच्या माना रंजनाकडे वळल्या. ती उभी राहिली, पदर खोचला.

"लागू दे हायमास्ट. माझी हरकत न्हाई."

आणि मागून एक आवाज आला, "टिंग!"

तोंडानं काढलेली एक घंटी. जयवंत उभा होता.

"थांबवा गाडी. कुणाला विचारून सोडली?"

"अहो, बसा खाली," रंजना दबक्या आवाजात म्हणाली. "तुमच्यासाठीच बोलले मी."

"माझ्यासाठी? मग मला विचारलंस का? सकाळी चहाला साखर किती, ते विचारतेस. एवढा मोठा खांब घालताना विचारावंसं वाटलं न्हाई?"

सभेत खसखस पिकली. शेवटच्या रांगेतले लोक पुढे सरकून बसले. नवरा-बायकोचं भांडण फुकट ऐकायला मिळणं गावात रोजचं नव्हतं.

"तुम्हाला रात्री दिसत न्हाई म्हणून—"

"दिवा लावल्यावर दिसतं, असं कुणी सांगितलं तुला? तालुक्याच्या स्टँडवर हाय की तुमचा तो हायमास्ट. त्याच्याखाली मी उभा राहिलो की माझ्या डोळ्यांपुढं नुसतं पांढरं धुकं. दोन पावलं बाहेर पडलो की काळंभोर. सावली पडली तर वाटतं खड्डा हाय, आणि खड्डा असला तर वाटतं सावली हाय. लोक म्हणतात, एवढ्या उजेडात आपटतोय, पिऊन आलाय का काय! ह्या नडगीचे अर्धे वण स्टँडवरचे हायत."

जयवंत सभेकडे वळला.

"इथं काळोख झाला की काळोख असतो. फसवत न्हाई. पाय वाट ओळखतात, हात दोरी ओळखतो. आणि तुम्ही सगळे माझ्या बरोबरीला येता. बरोबरीला कसले, माझ्या मागं येता! मोठमोठे साहेब माझा सदरा धरून चालले हायत. आठ वाजल्यानंतर ह्या गावात डोळस कोण? मी एकटा. आणि ही म्हणते, माझ्यासाठी दिवा लावा."

रंजना खाली बसली. इतकी वर्षं एका घरात काढून हे तिला माहीत नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं. दोघांनी एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून गप्प बसायचं, असा दोघांचा संसार.

तेवढ्यात आशाताई म्हणून गावात आरोग्याचं काम करणारी शालन उठली. "कंडक्टरकाका, तुमचं खरं. पण आम्हा बायांना रात्री विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागतात. साप-किरडू निघतंय. बाळंतीण न्यायची म्हटलं तर वाट दिसत न्हाई. पाहुणे येत होते तोवर सोसलं. आता कुणासाठी सोसायचं?"

हाही मुद्दा खरा होता. जयवंतनं मान खाली घातली. मग तो म्हणाला, "शालन, एक विचारतो. गावानं बारा वर्षं काळोख राखला. त्या काळोखात तुमच्यापैकी चौथऱ्यावर कोण कोण आलंय?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. घंटी वाजली की दारं लावून टीव्ही बघायचा, असा सगळ्यांचा शिरस्ता. काळोख पाहुण्यांचा, आपण फक्त राखणदार. शिंक्यातलं दही पाहुण्यांसाठी म्हणून घरच्यांनी कधी चाखूच नये, तसं झालं होतं.

"एक फेरी मारा," जयवंत म्हणाला. "अमावास्येला. सगळ्यांनी. तिकीट न्हाई. मग काय तो ठराव करा. मला तर तिथलं काही दिसत न्हाई, पण बारा वर्षं नेऊन सोडतोय, तेव्हा हाय तरी काय, ते मलाही कुणीतरी सांगा."

सर्जेरावांनी डोकं खाजवलं. "ठीक आहे. हायमास्ट पंधरा दिवसांनी काय पळून जात नाही."

*

अमावास्येला जेवणं आटपून गाव देवळापाशी जमलं. लेकुरवाळ्या, म्हातारे, सगळे. मोबाइल सर्जेरावांनी पाटीत गोळा करून देवळात ठेवले. मयूरी पुण्याहून आली होती, आणि तिच्या गाडीतून उतरले पेठे डॉक्टर.

"सामान कुठाय, डॉक्टर?" जयवंतनं आवाजावरून ओळखलं.

"सामान नाही. फोटो आता मी दुपारी काढतो, दवाखान्याच्या गच्चीवरून. पेशंट तोंड उघडून बसलेला असतो आणि वर माझा कॅमेरा चालू." डॉक्टर हसले. "मग रात्री मोकळ्या झाल्या. मोकळ्या रात्री घरात बसून करायचं काय? तुमचं पिठलं आठवलं. आणि खरं सांगू, इतकी वर्षं इथं आलो, पण मान खाली. पडद्यावर. कुठला तारा कुठं आहे, ते लॅपटॉपला माहीत होतं. मला सप्तर्षीपण धड सापडायचे नाहीत."

रंजना दचकली. तिचंही तेच होतं. चौथऱ्यावर गेलं की वायरी, बॅटरी, लाल दिवा, पडदा. अमका फोटो हलला, तमक्यावर दव आलं. वर बघायचं ते ढग आले का, एवढं बघायला.

टिंग टिंग! दिवे गेले. बायकांनी 'आई गं' केलं, पोरं किंचाळली, आणि काळोखातून तो आवाज आला, "चला, पुढं सरका! दोरी सोडू नका! सरपंच, दरवाजात उभं राहू नका!"

"मी कुठं दरवाजात..."

"मग माझ्या पायावर कोण हाय?"

हसत, अडखळत, एकमेकांचे पदर आणि सदरे धरत अख्खं गाव त्या न दिसणाऱ्या बसमधून निघालं. पुढे जयवंत, सराईत पावलं टाकत. "आता चढ हाय. आता तीन दगड. आता वळण, आत्याबाई, डावीकडं झुका." चौथरा आला तशी त्यानं एक घंटी दिली. सगळे थांबले.

"बसा आता. आणि वर बघा. लगेच काही दिसणार न्हाई, डोळ्याला वेळ द्या. हे मी न्हाई, पाहुणे म्हणायचे."

माणसं चौथऱ्यावर टेकली, माना वर गेल्या. मग कुणीतरी म्हणालं, "आई शप्पथ." आणि नंतर कुणीच काही म्हणेना. एवढं मोठं गाव, एवढी तोंडं, आणि सड्यावर फक्त वारा. शालनचं तान्हं तेवढं हुंकारलं.

मग हळूहळू बोटं निघाली. स्वाती कुठली, चित्रा कुठली, दक्षिणेला टेकलेला त्रिशंकू कुठला. म्हातारी आत्याबाई म्हणाली, तिच्या लहानपणी अंगणातून हे असंच दिसायचं, तिला वाटलं होतं, विझलं असेल आता. कुणी रडलं असेल तर काळोखात कळलं नाही.

सर्जेराव खाकरले. "आता हात वर करून मत घ्यायचं, तर हात कुणाचा दिसणार?"

"घंटी हाय की," जयवंत म्हणाला. "काळोख चालू ठेवायचा असला तर दोन. हायमास्ट पाहिजे त्यानं एक. निघताना ज्याची त्यानं ओढायची."

पहिली ओढली शालननं. एक! सगळे चपापले. "मी मुद्दाम एक दिली," ती म्हणाली. "हे सगळं बघितलं, मन भरलं. पण विहिरीच्या पायऱ्यांना आणि दवाखान्याच्या वाटेला दिवा पाहिजे म्हणजे पाहिजे. गुडघ्याएवढा द्या, टोप घालून द्या, पण द्या. दिलात तर माझी दुसरी घंटी घ्या."

"देतो," सर्जेराव म्हणाले. "गुडघ्याएवढे दिवे लावू. आणि तो हायमास्ट खाली फाट्यावर नेऊ, टेकाडाच्या आड, बस थांबते तिथं. आमदारांना उद्घाटनाला रस्तापण सोयीचा."

टिंग! शालननं दुसरी ओढली.

मग माणसामागून माणूस दोरीशी येत गेला. टिंग टिंग. टिंग टिंग. मधूनच एखादी एकटी टिंग, आणि मागून कुजबुज, "कोण रं तो?" पोरांनी दोन-दोनदा रांग लावली. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरगावच्यांना मत आहे का. जयवंत म्हणाला, "न्हाई. पण प्रवासी म्हणून वाजवा."

शेवटी रंजना उरली. बारीक दोरीवर तिचा हात होता. एक की दोन? गावाचा कौल तर लागला होता, पण तिला स्वतःचं ठरवायचं होतं. नवरा दोन पावलांवर उभा होता, ती दिसत नसूनही तिच्याकडे तोंड करून.

"सांग की," तो म्हणाला. "फोटोतलं नको. आत्ता काय दिसतंय ते सांग."

रंजनानं वर पाहिलं. बारा वर्षांत तिनं त्याला आकडे सांगितले होते, दव सांगितलं होतं. हे कसं सांगतात, तिला माहीत नव्हतं.

"चुलीच्या वैलावर दूध उतू जाताना थेंब उडतात ना, तसं. पण न विझणारं. आणि मधेमधे इतकं काळं, की हात घालावासा वाटतो."

"आणि ती? आपली ती?"

तिनं दोरी सोडली. त्याचा उजवा हात धरला, त्याचं बोट सरळ केलं आणि उत्तरेला वर, सप्तर्षींच्या शेपटाकडे नेलं. वसिष्ठापाशी आणलं, त्याला चिकटून बसलेल्या त्या बारक्या ठिपक्यावर थांबवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"ही अरुंधती. दिसली?"

जयवंतच्या डोळ्यांपुढे नेहमीचाच काळोख होता. त्यानं मान वर केली, नीट निरखल्यासारखं केलं आणि म्हणाला, "दिसली."

रंजना हसली. चाचपून तिनं दोरी धरली आणि जोरात दोनदा ओढली.

"चला," कंडक्टर म्हणाला, "पुढं सरका!"